भर दुपारची गोष्ट

"सोडा ते पुस्तक."

"तुम्ही सोडा."

"मी आधी हात लावला!"

"आणि मी आधी पैसे दिले, बाई. विचारा हवं तर तोंतोंना."

जाकमेल गावच्या लोखंडी बाजारामागच्या गल्लीत, रद्दीवाल्या तोंतों आबनेरच्या, म्हणजे आबनेरकाकांच्या, पथारीपुढे आम्ही दोघं एकाच पुस्तकाची दोन टोकं धरून उभे होतो. वरचं टोक माझ्या हातात, खालचं त्याच्या. मी त्याला ओळखत नव्हते. दिसलं ते एवढंच — कोपरापर्यंत वाळलेल्या खळीनं पांढरे झालेले हात, कानामागे खोचलेला ब्रश, आणि चेहऱ्यावर असलं काही हसू, की बघताक्षणी माझं डोकं तापलं.

"पोरांनो, भांडायचं तेवढं भांडा," तोंतों आबनेर म्हणाले, "पण माझ्या पथारीवर पाय देऊ नका."

पुस्तक परीकथांचं होतं. जाडजूड, चित्रांचं, आणि चक्क क्रेयोलमध्ये, आमच्या घरच्या बोलीत छापलेलं. कुठल्याशा मिशनवाल्यांनी काढलं असणार, आणि क्रेयोलमध्ये आहे म्हणूनच कुणी हात लावला नसणार. आमच्याकडे पुस्तक म्हणजे फ्रेंच. माझ्या पहिलीच्या वर्गातल्या एकतीस मुलांना 'आज हवा छान आहे' हे वाक्य फ्रेंचमध्ये घडाघडा म्हणता यायचं. त्याचा अर्थ मात्र एकालाही माहीत नव्हता.

"वाचणार आहात तुम्ही हे?" मी विचारलं.

"वाचणार? छे! फाडणार."

"काय?"

"कागद बघा की जरा. जाड, मऊ... खळ कशी पिऊन घेईल! कार्निव्हलपर्यंत मला चाळीस मुखवटे करायचेत."

"अहो, यात गोष्टी आहेत!"

"असतील. तीन महिने इथे पडून होत्या, कुणी ढुंकून पाहिलं का? मुखवटा झाला की निदान माणसं मान वळवून बघतील."

मी पुस्तक जोरात ओढलं. त्यानंही ओढलं. आणि मग — फर्रर्र! शिवण उसवली, पुस्तकाचे सरळ दोन भाग झाले. तो खो खो हसायला लागला. मग त्यानं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू तिथल्या तिथे गिळलं.

"अर्धं... अर्धं?" त्यानं हळूच विचारलं.

माझा अर्धा भाग छातीशी धरून मी तरातरा चालू लागले. मागून आवाज आला, "ओरेस्त म्हणतात मला!"

"कुणी विचारलं?" मी न वळता ओरडले. पण नाव लक्षात राहिलं, त्याला मी तरी काय करणार.

आता, आमच्याकडे गोष्ट सांगायची ती सूर्य मावळल्यावर. दिवसा सांगितली तर सांगणाऱ्याची आई मरते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला कुणी ते शिकवलं नव्हतं, जसं पाण्यात पडल्यावर श्वास धरायला कुणी शिकवत नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी सूर्य मावळला की काळोख. कंदिलातलं तेल स्वैपाकापुरतं. सांगायला काळोख चालतो हो... वाचायला कसा चालणार? गोष्ट दिवसा चालत नाही आणि अक्षर रात्री दिसत नाही. मग या मुलांनी गोष्ट वाचायची तरी कधी?

सोमवारी सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात, मी पुस्तक उघडलं आणि विचारलं, "क्रिक?"

सांगणाऱ्यानं 'क्रिक' म्हणायचं, ऐकणाऱ्यांनी 'क्राक' म्हणायचं. ऐकणाऱ्यांनी उत्तर दिल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. वर्गात चिडीचूप. एकतीस जोड्या डोळे माझ्याकडे बघताहेत.

शेवटी लुडी उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेली, वर्गातली सगळ्यात चोंबडी पोरगी. "बाई, तुम्हाला आई नाही का?"

"आहे."

"मग ती आवडत नाही का तुम्हाला?"

"खूप आवडते. सकाळ-संध्याकाळ भांडते माझ्याशी, तरी आवडते. आणि गोष्ट वाचल्यानं कुणाची आई मरत नाही. हे मी, जिस्लेनबाई, तुम्हाला सांगते. क्रिक?"

बऱ्याच वेळानं मागच्या बाकावरून कुणीतरी, जवळजवळ ओठातल्या ओठात, म्हणालं, "क्राक..."

तेवढं मला पुरलं. त्या महिन्यात आम्ही बेडूक संपवला, लांडगा संपवला, शंभर वर्षं झोपलेली राजकन्या संपवली. जी मुलं सहा महिने 'ब' आणि 'द' मध्ये अडकून पडली होती, ती मधल्या सुट्टीत पुस्तकावर पालथी पडून बोटानं 'लांडगा' शोधू लागली. मग एक दिवस आम्ही चुलीतल्या राखेत झोपणाऱ्या मुलीपाशी आलो. ती राजवाड्याच्या पायऱ्या उतरत पळते, एक बूट मागे राहतो, आणि...

आणि पान संपलं. पुढचं सगळं त्या खळीवाल्याकडे!

वर्गात आकांत उसळला. पुढे काय झालं ते मला पाठ होतं. पण मी म्हटलं, "मी नाही सांगणार. वाचायचं. उरलेली पानं एका दांडगटाकडे आहेत, ती मी आणते."

दांडगट अंगणात बसून मातीच्या साच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होता. मला बघून घाईघाईनं उठला, हात पुसायला फडकं शोधलं, ते सापडेना, तेव्हा शर्टालाच पुसले.

"माझी पानं," मी म्हटलं.

"ती... आता पानं राहिली नाहीत, बाई."

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर उन्हात मुखवटे वाळत होते. सैतान, वाघ, म्हातारा, कोंबडा. त्यानं कोंबडा उचलून उलटा केला. आतल्या बाजूला, जिथे माणसाचं नाक यायचं, तिथे छापील ओळी स्वच्छ दिसत होत्या. 'राजपुत्र घरोघर फिरला,' मी वाचलं.

"असं लिहिलंय तिथे?" त्यानं चमकून विचारलं.

"तुम्ही कधी वाचलं नाहीत?"

"मला वाचता येत नाही, बाई. येत असतं तर फाडलं असतं का?"

त्यानं हे इतकं सरळ सांगितलं, की महिनाभर जपून ठेवलेला माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं. रागाला जागाच उरली नाही याचं तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी एकतीस मुलं त्याच्या अंगणात उतरली. नुसता धुमाकूळ! कुणाच्या सैतानात राजपुत्र निघाला, कुणाच्या वाघात सावत्र बहिणी, म्हाताऱ्याच्या हनुवटीत बुटाची टाच. मुलं मुखवट्यांत तोंडं घालून एकमेकांना ओरडून ओळी वाचून दाखवत होती, अडत होती, पुन्हा वाचत होती. मी झाडाखाली बसून ओळी जुळवत होते. ओरेस्तचा हात खळीत तसाच बुडालेला.

"मग? झाला का बूट तिला?" सगळ्यांत मोठ्यानं त्यानंच विचारलं.

"तोंतों, थांबा ना! कोंबडा अजून वाचायचाय!" लुडीनं दटावलं, आणि तो मुकाट्यानं थांबला. मला हसू आलं. त्यानं ते पाहिलं. आणि मग त्यानं मान खाली घातली खरी, पण कानांपर्यंत पसरलेलं हसू काही लपत नव्हतं.

तेव्हापासून दर बुधवारी तो शाळेच्या फाटकाशी दिसू लागला.

"काय काम काढलंत?"

"काही नाही. इकडून चाललो होतो."

"तुमचं घर त्या टोकाला, बाजार त्या टोकाला. इकडून कुठे जातो रस्ता?"

"तेच बघायला आलोय," तो म्हणायचा. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

एक जानेवारीला घराघरात भोपळ्याचं सूप शिजतं, आणि जो येईल त्याला वाढायचं असतं. तो आला. हातात आईसाठी कागदाचा छोटा पोपट. आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझी आई, मादाम एर्मिस, तीस वर्षं कोपऱ्यावर मक्याची गोड पेज विकते आहे. माणूस पारखायला तिला अर्धा पेला पुरतो.

"कुणाचा रे तू?"

"कुणाचा नाही, मादाम. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. बापाला पाहिलेलं आठवत नाही."

आईनं त्याच्या वाडग्यात आणखी पळीभर सूप ओतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "माझी लेक मला मारायला टपलीय, ऐकलं असशील. भर दिवसा गोष्टी सांगते."

"आई!"

"काय आई? अगं, मी काय तुला जड झालेय? सांग ना रात्री, कोण नको म्हणतंय?"

थट्टेच्या सुरातच म्हणाली, पण पळी धरलेला हात जरा जास्तच घट्ट होता. माझ्या आईला खरोखर भीती वाटत होती. ती मी पाहिली आणि सोयीस्करपणे नजर वळवली.

पंधरा दिवसांनी मादाम सिलोमेन शाळेत आल्या. लुडीची आई. सुकी मासळी विकतात, आणि त्या बोलायला लागल्या की अख्खा बाजार गप्प बसतो.

"बाई, माझ्या पोरीनं मला तुमच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. रात्री सांगितल्या, घाबरू नका. राखेतल्या पोरीची आई?"

"गेलेली असते," मी म्हटलं.

"जंगलात सोडलेल्या त्या भावंडांची?"

"ती... सावत्र असते."

"म्हणजे खरी गेली. आणि ती बर्फासारखी गोरी?"

"तिचीही..."

"एकूण एक गोष्टीत आई मेलेली!" मादाम सिलोमेननी कमरेवर हात ठेवले. "का मेल्या या सगळ्या बायका? कुणीतरी दिवसा गोष्ट सांगितल्याशिवाय? आणि तुम्ही म्हणता काही होत नाही!"

मी शाळेत नऊ वर्षं शिकले, मग शिक्षिकेचा कोर्स केला. या प्रश्नाचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. मी हसले. ते हसणं मला पुढे फार महागात पडलं.

कारण त्याच आठवड्यात आई पाण्याच्या टाकीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. गावात कुणी मला काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. बायका आईला बघायला यायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि उसासा टाकायच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात अकरा मुलं होती. तिसऱ्या दिवशी चार. हेडमास्तर फिलोजेन यांनी मला बोलावून घेतलं.

"मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्ही जाणता," ते फ्रेंचमध्ये म्हणाले. "पण पालक मानतात. कार्निव्हल झाला की त्या शनिवारी सभा. शाळेच्या वेळात गोष्ट सांगणार नाही असं लिहून द्या, नाहीतर राजीनामा द्या. आणि ते क्रेयोलचं बाड घरी न्या."

त्यांच्यापुढे मी ताठ मानेनं उभी राहिले. पण खरं सांगू? मी पुस्तक आधीच बंद केलं होतं. रात्री आई कण्हायची आणि मी उशाशी बसून विचार करायची — मी मानत नाही, मी मानत नाही... आणि तरी पुस्तकाला हात लावायची माझी छाती होत नव्हती. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

हे सगळं मी ओरेस्तला सांगितलं. त्याच्या अंगणात, रंगाच्या डब्यांमध्ये बसून. त्यानं ब्रश धुऊन बाजूला ठेवला.

"मी वाचतो," तो म्हणाला.

"काय?"

"मुलांना गोष्ट. मी वाचतो. माझी आई गेलेलीच आहे, जिस्लेन. ती पुन्हा कोण नेणार माझ्याकडून? मला सूट आहे. भर बारा वाजता, बाजारात उभा राहून सांगितली तरी कुणी शब्द काढणार नाही."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती. पण त्या वेळी माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. ही 'सूट' सांगताना त्याचा आवाज हलला नाही. माणसाला एखादी गोष्ट फार वर्षं दुखत असली की ती तो अशीच बोलतो.

"तुला वाचता कुठे येतं?" मी म्हटलं. मीही 'तू' वर आले होते.

"येत नाही. सभेला तीन आठवडे आहेत. तू बाई आहेस ना? का नुसतीच रागावता येतं?"

मी शिकवलं. रोज शाळा सुटल्यावर, त्याच अंगणात. त्याच्या एका हातात पट्ट्या, दुसऱ्याचं बोट ओळीवर. चुकला की मी टपली मारायची. लवकरच माझ्या लक्षात आलं, की काल बरोबर वाचलेला शब्दही तो आज चुकतो.

"मुद्दाम करतोस!"

"नाही, बाई. अवघड आहे हो हा शब्द."

"'मी' अवघड आहे? 'मी'?"

"'तू' जास्त अवघड आहे," तो खाली बघत पुटपुटला, आणि मला उगीचच खळीचं भांडं सरकवून ठेवावंसं वाटलं. कार्निव्हल आला आणि गेला. त्याचे सगळे मुखवटे विकले गेले, ज्यांच्या आत राखेतल्या मुलीची पानं होती ते बारा सोडून. रंग नीट बसला नाही म्हणाला. मी ते बाराही पाहिले होते. रंग उत्तम बसला होता.

शनिवारी अकरा वाजता शाळेच्या अंगणात, बदामाच्या झाडाखाली सगळे जमले. आया, दोनचार बाप, मध्ये खुर्चीवर हेडमास्तर. मुलं कुंपणावर. टेबलावर कागद तयार होता, माझ्या सहीची जागा रिकामी.

हेडमास्तरांनी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात ओरेस्त पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, नखांत निळा रंग. "मला आई नाही," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "इथे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मी वाचतो. हरकत असेल त्यानं आताच बोलावं."

कुणी बोललं नाही. त्यानं माझं फाटकं पुस्तक उघडलं आणि बेडकाची गोष्ट सुरू केली. एकेक शब्द खोदून काढत, कपाळावर घाम. "राजकन्येचा... सोन्याचा चेंडू... गड... गड..."

"गडगडत!" कुंपणावरून लुडी ओरडली.

"गडगडत... वि... वि..."

"विहिरीत!" आता सात-आठ आवाज. "विहिरीत पडला!"

पुढे त्याला वाचावंच लागलं नाही. मुलं कुंपणावरून उतरली, त्याच्याभोवती गोळा झाली, आणि लुडीनं पुस्तक त्याच्या हातातून काढून घेऊन पुढची ओळ वाचली. मादाम सिलोमेन उठल्या.

"पाठ केलंयस, चोर."

"नाही गं, वाचतेय."

मादाम सिलोमेननी पुस्तकात हाताला येईल ते पान उघडलं. "हे वाच."

लुडीनं वाचलं. तिच्या आईनं दुसरं पान काढलं. तेही वाचलं. मग मादाम सिलोमेननी ते पान स्वतःच्या डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, आणि बराच वेळ बघत राहिल्या, त्यांना ज्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं ते पान. त्यांनी डोळे पुसले.

"वाचू देत पोरांना," त्या म्हणाल्या. "पण गोष्ट सांगायची ती यानं. दर बुधवारी येईल. बाईंनी मात्र दिवसा तोंड उघडायचं नाही. काय?"

"उत्तम तोडगा!" हेडमास्तर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ओरेस्तनं माझ्याकडे पाहिलं, सुटल्यासारखं हसून.

"नाही," मी म्हटलं.

माना डोलायच्या थांबल्या.

"ओरेस्तनं बोलायचं आणि मी गप्प बसायचं, याचा अर्थ काय? माझ्या आईचा पाय मी मोडला, असाच ना? मी हे कबूल करणार नाही. लिहूनही देणार नाही. शिकवायला मी लागले, वाचायला मी शिकवलं, गोष्ट मी सांगणार. दिवसाच सांगणार."

मी पुस्तक हातात घेतलं. तोंड उघडलं... आणि शब्द फुटेना. सगळं अंगण बघत होतं, माथ्यावर ऊन होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे आईचा प्लास्टरमधला पाय. इतकं सगळं बोलून, मी तिथे मुक्यासारखी उभी.

"थांबा रे, थांबा! हळू! मला मारायला माझी लेक आहे की, तुम्ही आधीच कशाला आपटताय?"

फाटकातून शेजारचे दोघे आत आले. मध्ये खुर्ची. खुर्चीत आई, पाय सरळ पुढे, डोक्याला चर्चमध्ये जायचा रुमाल.

"माझ्या मरणाची सभा," ती म्हणाली, "आणि मलाच आवतण नाही?"

"मादाम एर्मिस..." हेडमास्तर उभे राहिले.

"बसा तुम्ही. पाय माझा त्या कुजक्या पायरीनं मोडला. वर्षभर या पोरीला सांगतेय, फळी बदल, फळी बदल. गोष्टींपेक्षा हिचा आळस वाईट."

दोनचार बाया हसल्या. मादाम सिलोमेन हसल्या नाहीत. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, "पण भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना," आई म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी काय शाळेत गेलेय न घाबरायला? पण मरण माझं आहे, सिलोमेन. ते कशापायी पणाला लावायचं ते मी ठरवीन. पन्नास वर्षं लोकांनी पुढे केलेल्या कागदावर फुली मारतेय मी, त्यात काय लिहिलंय ते न कळता. तुझ्या पोरीला नाही मारावी लागणार. पुरे आहे मला एवढं." मग ती माझ्याकडे वळली. "काय बघतेस? वाच."

मी तिच्या खुर्चीशी बसले. तिनं माझा खांदा धरला. तिची बोटं गार होती. माझे हात थरथरत होते, पुस्तक हलत होतं, तरी मी वाचलं. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, भर बारा वाजता. मला रडू येत होतं आणि आवाज मात्र वर वर चढत होता. कुणी उठून गेलं नाही.

गोष्ट संपली. सगळ्यांनी एकदम आईकडे पाहिलं.

"काय?" आई म्हणाली. "भूक लागलीय मला."

हेडमास्तरांनी तो कागद घडी करून खिशात घातला. बाया बोलत बोलत उठू लागल्या. ओरेस्त झाडाच्या बुंध्याशी उभा होता, चेहरा पाडून.

"तुझं काय बिनसलं?" मी विचारलं. "तुझी मेहनत वाया नाही गेली. तूही वाच की. तुला तर सूट आहे."

"तीच नकोय मला."

"म्हणजे?"

"तू वाचत होतीस ना, तुझे हात बघत होतो मी. कसे थरथरत होते... माझे नव्हते थरथरत. गेली वीस वर्षं कशानंच थरथरले नाहीत. घालवण्यासारखं काही असावं लागतं त्याला." तो थांबला. नखातला निळा रंग खरवडू लागला. "मलाही हवंय ते, जिस्लेन."

मला कळलं होतं. पण असलं काही बाईनं अर्ध्यावर समजून घेऊ नये. "नीट सांग. अडखळलास तरी चालेल."

"लग्न कर माझ्याशी. म्हणजे... तू हवी आहेस मला. आणि तू आलीस की मलाही आई येईल. मग मलाही सूट नाही."

"अरे देवा!" खुर्चीतून आई ओरडली. तिचे कान अजून तिखट आहेत. "म्हणजे आता दोघं मिळून मारणार मला!" मग, जरा थांबून, "हो म्हण गं लवकर. ऊन लागतंय."

"हो," मी म्हटलं. आणि नुसतं तेवढ्यावर भागेना, म्हणून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आवडतोस तू मला. फार आवडतोस. कुणाची हरकत असेल त्यानं आताच बोलावं."

मादाम सिलोमेननी टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी. हेडमास्तरांनी आभाळाकडे पाहिलं.

ओरेस्त आईच्या खुर्चीपुढे जाऊन गुडघ्यांवर बसला. काहीतरी म्हणायला गेला, ते जमलं नाही, पुन्हा प्रयत्न केला.

"आई," तो म्हणाला.

माझ्या भांडकुदळ आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग लुडीनं, त्या कार्टीला दुसरं काय सुचणार, फाटकं पुस्तक आणून त्याच्या पुढ्यात धरलं.

"तोंतों, आता वाचा बघू!"

"लुडी!" तिची आई ओरडली. "आता नको! आता याला आई आहे!"

ओरेस्तनं वर सूर्याकडे पाहिलं. तो अजून माथ्यावरच होता. मग आईकडे पाहिलं. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, रुमालाची गाठ घट्ट केली आणि त्याला मान हलवून खूण केली. त्यानं पान उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. त्यानं ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि तो वाचू लागला.